ढकांब्याच्या पुढची रेघ

३ मार्च १९३८, गुरुवार

आज ही म्हणाली, "तेच तेच मला किती वेळा सांगाल? कान किटले माझे. वहीत लिहा." म्हणून लिहायला बसलो. उभा जन्म जकात नाक्यावर पावत्या फाडण्यात गेला, पण मनातले असे कधी लिहिले नाही. मराठी चौथीपर्यंत शिकलो आहे. चुका होतील.

परवा मंगळवारी दिंडोरीहून येताना मोटारीला अपघात झाला. मोटार उतारूंची, ती माझे थोरले जावई ढुंढिराज चालवत होते. मी पुढे त्यांच्या शेजारीच बसलो होतो. ढकांबे गाव सोडल्यावर लांब उतार आहे. तिथे कडब्याची एक बैलगाडी शेतातून रस्त्यावर चढत होती, तिला धडक बसली. एक बैल जागीच मेला. गाडीवान पुंजा याचा पाय मांडीत मोडला. मोटारीतल्या उतारूंना थोडेफार खरचटले. माझा गुडघा सुजला आहे. नारळ मात्र शाबूत राहिला, तो मी पोटाशी घट्ट धरला होता.

नारळाचे कारण असे की, धाकट्या शैलाचे लग्न दिंडोरीच्या स्थळी ठरले, मंगळवारीच तिथे सुपारी फुटली. मुलाकडचा नारळ अमावास्या लागायच्या आत आपल्या देवापुढे ठेवा, असे जोशीबुवांनी बजावले होते. पंचांगात अमावास्या दोन वाजून दहा मिनिटांनी लागत होती. मी घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. म्हणजे व्हायचे तेच झाले. हे सगळे अमावास्येने केले, असे माझ्या मनाने घेतले आहे.

फौजदारांनी ढुंढिराजांवर बेदरकारपणे मोटार हाकल्याचा खटला भरला आहे. मोटारीचे मालक बद्रुद्दीन शेठ जामीन राहिले म्हणून ते आज घरी तरी आहेत. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि लायसन कायमचे जाणार. थोरल्या श्यामलाला सातवा महिना आहे. या वेळी नवरा तुरुंगात गेला तर त्या पोरीचे काय होईल, हा विचार आला की जेवण पुढे सरकत नाही. झोपायला गेलो की कडी लावली की नाही ते बघायला उठतो. कडी लावलेलीच असते.

५ मार्च

ढुंढिराजांबरोबर वकिलांकडे गेलो. वकील तरुण आहेत, बोलताना पेन्सिल टोकरत बसतात. मला म्हणाले, "नाना, तुम्ही पुढे बसला होता. मोटार किती जोरात होती?"

"फार नव्हती."

"फार नव्हती म्हणजे किती? फौजदार ताशी पस्तीस मैल म्हणतात. वीसच्या आत होती असं तुम्हाला शपथेवर सांगता येईल का? आणि तुम्हाला ते कसं कळलं, हेही सांगता आलं पाहिजे. मोटारीतला वेगाचा काटा तर दोन वर्षं बंद आहे."

 ढुंढिराज खाली बघत होते. म्हणाले, "मामांना साक्षीत घालू नका. वय झालं त्यांचं."

मला राग आला. वय झाले म्हणजे काय? बाजारची पिशवी अजून मीच आणतो. मी म्हणालो, "जावईबापू, मी सांगणार. मी सांगणार नाही तर कोण सांगणार?" वकिलांना ते पटले. शेजारी बसलेला आणि हिशेबात मुरलेला साक्षीदार मिळाला तर खटला अर्धा जिंकला, असे म्हणाले.

परत येताना ढुंढिराज नेहमीचे वळण चुकले. धसका घेतला आहे त्यांनी. घ्यायचाच.

७ मार्च

समोरच्या आळीत वेणीमाधव मास्तर राहतात. हायस्कुलात शास्त्र शिकवतात. त्यांना गाठून म्हणालो, "मास्तर, मला वेग काढायला शिकवा. लवकर शिकवा. तारीख चार एप्रिलची आहे."

ते हसले नाहीत, हे बरे झाले. म्हणाले, "संध्याकाळी मला वेळ नसतो, नाना. पण वर्गात सध्या तेच चाललंय. मागच्या बाकावर येऊन बसा. हेडमास्तरांना मी सांगतो."

या वयात शाळेत जायचे. टोपी घालून जावे की पागोटे, यावर आमचे दोघांचे वाजले. ही म्हणाली, पागोटे घातलेत तर पोरांना वाटेल इन्स्पेक्टर आला.

८ मार्च

टोपी घालून गेलो. बाक इतके अरुंद की गुडघा आत जाईना, म्हणून पाय बाहेर काढून बसलो. पुढच्या पोराने मागे वळून विचारले, "आजोबा, पेन्शनीत फी माफ असते का?" दुसरा म्हणाला, "गप रे, परीक्षेत हेच पहिले यायचे." मी लक्ष दिले नाही.

मास्तर म्हणाले, अंतराला वेळेने भागा, म्हणजे चाल निघते. इतकेच. मी नाक्यावर असतो तर हे कधीच काढले असते. तास संपल्यावर मी मास्तरांना आकडे दिले. दिंडोरीहून बरोबर एक वाजता निघालो. धडक बसली तेव्हा दोनला चार मिनिटे कमी होती. घड्याळ माझ्या हातातच होते, त्यामुळे चूक नाही. आणि दिंडोरीपासून ती जागा साडेदहा मैल. मास्तरांनी फळ्यावर गणित मांडले. ताशी सव्वाअकरा मैल आले.

सव्वाअकरा. वीस तर राहूच द्या. मला मास्तरांच्या पाया पडावेसे वाटले. एक पोरगा म्हणाला, "सर, यापेक्षा आमचा टांगा जोरात जातो." बाकीचे हसले. त्याला ते चेष्टेत सुचले, पण मी ते वकिलांना सांगणार आहे.

घरी येताना पेढे घेतले. ढुंढिराज आणि श्यामला आमच्याकडेच राहायला आले आहेत. मी ढुंढिराजांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणालो, "सव्वाअकरा मैल. सरळ हिशेब आहे." त्यांनी पेढा हातात धरला आणि म्हणाले, "मामा, मोटार मी चालवत होतो." असे का म्हणाले कोण जाणे. पेढा त्यांनी तसाच धरून ठेवला होता, शेवटी श्यामलाने घेतला.

११ मार्च

काम झाले होते, तरी वर्गाला गेलो. न जाऊन घरी काय करणार? बसवत नाही, निजवत नाही.

आज चाल आणि वेग यांतला फरक झाला. चालीला दिशा नसते, वेगाला असते. मास्तरांनी माझाच दाखला घेतला. "नाना सकाळी दिंडोरीला गेले आणि परत घरी आले. अंतर किती?" "एकतीस मैल," पोरे म्हणाली. "पण निघाले तिथेच पोचले. मग विस्थापन?" "शून्य." "म्हणून सरासरी वेग?" "शून्य."

मला ते लागले. मी उठून म्हणालो, "मास्तर, मी जन्मभर घर ते नाका आणि नाका ते घर केलं. ते सगळं शून्य?"

वर्ग खदखदून हसला. मास्तर म्हणाले, "वेग शून्य, नाना. पण चाललात ते चाललातच. ते कोणी काढून घेत नाही."

हे त्यांनी माझ्यासाठी म्हटले की पुस्तकात आहे, ते कळले नाही. दुपारभर तेच डोक्यात होते. हिला सांगितले तर म्हणाली, "शून्य कसं? रोज भाजी आणत होतात ना वाटेत?"

१४ मार्च

आज आलेख काढायला शिकवले. चौकटीचा कागद घ्यायचा. आडव्या रेघेवर मिनिटे मांडायची, उभ्या रेघेवर मैल. किती मिनिटांनी किती मैल झाले तिथे टिंब द्यायचे आणि टिंबे जोडायची. मला हे फार आवडले. नाक्यावर असताना ही विद्या कोणी शिकवली नाही.

मग मास्तर म्हणाले, "गाडी स्टेशनात उभी राहिली तर रेघ आडवी जाते. वेळ जातो, मैल सरत नाहीत. गाडी जोरात निघाली की रेघ उभी होते. जितकी उभी, तितका वेग जास्त. म्हणून नुसती सरासरी फसवी असते. अर्धा तास उभी राहून नंतर वाऱ्यासारखी पळालेली गाडीसुद्धा सरासरीत गरीब दिसते."

हे ऐकले आणि मी वही मिटली. मास्तर माझ्याकडे बघून बोलले नाहीत. पण न बघणेही मला खटकले. दोन कोरे चौकटीचे कागद मागून आणले आहेत. आज काढायचे नाहीत. डोळे दुखत आहेत.

१५ मार्च

काढला.

दिंडोरी एक वाजता. तळेगावाला उतारूंसाठी उभे राहिलो, तिथे रेघ आडवी. पुन्हा थोडी चढली. ढकांब्याला रेडिएटर तापला, सोमा क्लीनर विहिरीवरून पाणी आणीपर्यंत जीव टांगणीला लागला होता. तिथे लांबच लांब आडवी. ढकांबे सोडले तेव्हा दोनला दहा कमी होते, सात मैल झाले होते. इथपर्यंत रेघ अशी लोळत लोळत येते. आणि मग पुढची सहा मिनिटे आणि साडेतीन मैल. टिंबे जोडली तर रेघ भिंतीसारखी उभी राहिली.

भागाकार केला. पस्तीस. फौजदारांचा आकडा माझ्याच कागदातून निघाला.

तीनदा केला, पस्तीसच. घड्याळ पुढे असेल म्हणावे तर मी सकाळीच स्टेशनच्या घड्याळाशी लावले होते. ढकांब्याला पाणी आणायला इतका वेळ लागलाच नसेल, असेही म्हणून पाहिले. थोडा कमी धरला, रेघ जरा वाकली. आणखी कमी धरला. मग वाटले, हे मी काय करतो आहे. पण दुसऱ्या कागदावर तो कमी धरलेला आलेख काढून ठेवला आहे. असू द्यावा.

उद्या होळी. पुरण नको म्हणालो. ही म्हणाली, वर्षाचा सण आहे, तुमच्या रेघांसाठी होळी थांबत नाही.

१७ मार्च

मास्तरांकडे गेलो. धुळवडीचा रंग त्यांच्या कानामागे तसाच होता. आधी दुसरा कागद दाखवला. त्यांनी पाहिला आणि विचारले, "हा पहिला काढलेला का?" मी पहिला काढून दिला.

 ढकांब्याच्या पुढच्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले, "इथे काय झालं, नाना?"

"काही नाही. उतार आहे."

"उतार हे एक झालं. पण आधी इतका सावकाश आलेला माणूस इथे एकदम का पळाला?"

"दहा कमी होते दोनला. मी घड्याळ दाखवलं त्यांना."

"एकदा?"

"एकदा ढकांब्याला दाखवलं. एकदा पुलावर. मग उतारावर डोळ्यांपुढे धरलं, म्हटलं, जावईबापू, अमावास्या दारात आली. एवढंच. बाकी काही नाही."

 मास्तरांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "हे वकिलांना सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? ते आमचं घरचं बोलणं."

"बरं," ते म्हणाले. मला चहा दिला. साखर फार होती. मास्तरांचे मन आज थाऱ्यावर नव्हते, सणाचा शीण असेल.

१९ मार्च

सरकारी दवाखान्यात पुंजाला पाहायला गेलो. जाऊ नका असे वकील म्हणाले होते, पण राहवले नाही. केळी नेली. पुंजाचा पाय फळ्यांत बांधून वर टांगला आहे. शेजारी त्याची बायको चिमणाबाई बसली होती. मी कोण हे सांगायच्या आत ती म्हणाली, "ह्योच ना तो नारळवाला?"

पुंजा म्हणाला, "ह्येच. म्या पडल्या पडल्या पाहिलं. समदे खाली उतरून माझ्याकडं आले, ह्ये नारळ धरून उभे."

"बैल गेला, पाय गेला," चिमणाबाई म्हणाली. "तुमचा नारळ तरी नीट हाय ना?"

मी केळी ठेवली. म्हणालो, "पुंजा, तू एकदम रस्त्यावर आलास रे. गाडी दिसली नाही का तुला?"

"दिसली की. लय लांब व्हती. म्या हात वर केला. म्हनलं डायवर पाहील, दम धरील. तुमच्या डायवरनं पाहिलंच नाय. त्याचं तोंड तुमच्याकडं व्हतं."

"माझ्याकडे?"

"तुमच्या हातात काय तरी चमकत व्हतं. तिकडं पाहत व्हता तो."

मोडलेल्या पायाच्या कळा सोसणाऱ्या माणसाला काय दिसले आणि काय भास झाला, याचा भरवसा धरता येत नाही. परतताना वाटेत दोनदा बसावे लागले. गुडघ्याची सूज उतरली आहे, तरी बसावे लागले.

२४ मार्च

आठ दिवस वर्गाला गेलो नाही. मास्तरांनी एक पोरगा पाठवून चौकशी केली. ताप आहे म्हणून सांगितले. ताप नाही.

दुपारी श्यामला स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर पाट घेऊन बसलो. ती वर न बघता म्हणाली, "नाना, तुम्ही साक्षीला जाऊ नका."

"का? तुलाही मी म्हातारा वाटतो?"

"तुम्ही पिंजऱ्यात उभे राहिलात की सरकारी वकील उलट विचारणार."

"विचारू दे. काय विचारणार?"

"काहीच नाही." सूप पाखडू लागली. मग म्हणाली, "यांनी मला शपथ घातलीय. मी काही बोलणार नाही."

मी म्हणालो, "बाई, सगळं त्या अमावास्येनं केलं. तिच्यात जो निघाला त्याचं असंच होतं."

तिने सूप खाली ठेवले. "अमावास्या लागली कुठं होती, नाना? दोनला चार कमी होते, तुम्हीच सांगता सगळ्यांना. ती लागायला अजून वेळ होता."

हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. पंचांग काढून पुन्हा पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे. ती म्हणते ते खरे आहे. पंचांग मिटून ठेवले, पुन्हा उघडले. जोशीबुवांकडे जाऊन विचारावे की काय, काही वेळा आधीपासूनच तिची छाया पडते का. गेलो नाही. त्यांनी हो म्हटले असते तरी मला ते आता पटले नसते, असे वाटले.

२९ मार्च

कोर्टात गोंधळ होऊ नये म्हणून आज घरी तालीम केली. हिला म्हणालो, तू सरकारी वकील हो. ती भाकरी थापत होती, पिठाच्या हातांनी वळून बसली.

"बोला. मोटार किती जोरात होती?"

"अहो वकील, ताशी सव्वाअकरा मैल. अंतराला वेळेने भागिले असता."

"बरं. आणि ढकांब्याच्या पुढं?"

"ढकांब्याचं तुला कोणी सांगितलं?"

"झोपेत बोलता तुम्ही. ढकांबे, ढकांबे. सांगा, पुढं किती?"

मी म्हणालो, त्याचा वेगळा हिशेब करायचे कारण नाही, सरासरी हीच खरी. मास्तरांनी सांगितले त्याच्या हे बरोबर उलटे आहे, हे मला कळत होते. ही म्हणाली, "आणि तुम्ही शेजारी गप्प बसला होता?"

"सरकारी वकील असं विचारत नसतो."

"तो नसेल विचारत. मी विचारते."

मी चिडलो. म्हणालो, नारळ काय मला एकट्याला हवा होता? मुहूर्त कुणाच्या मुलीचा? तू नाही का त्या मंगळवारी सकाळी दारात उभी राहून म्हणालीस, अमावास्येच्या आत या? ती म्हणाली, "म्हणाले. ते पोटात धरून मी रोज झोपते." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. तव्यावरची करपली होती. ती मला वाढली नाही, स्वतः खाल्ली.

२ एप्रिल

पाडवा झाला. गुढी नीट उभी राहिली नाही, काठी जुनी होती.

रात्री ओसरीवर ढुंढिराज पाणी प्यायला आले. मी जागाच होतो. म्हणालो, "जावईबापू, ढकांब्याच्या पुढं..."

ते मधेच म्हणाले, "मामा, थंडी वाजते अजून पहाटे. अंगावर घ्या." आणि आपली शाल माझ्यावर टाकून आत गेले. बोलूच दिले नाही.

वकील विचारतील ते सांगायचे, हे ठरले आहे. सरकारी वकिलाने विचारले तर खरे सांगायचे, हेही जवळजवळ ठरले आहे. पण कोणी विचारलेच नाही, तर आपण होऊन सांगायचे का? तिथे गाडी अडते. सांगितले तर ते सुटतील की मोटार जोरात होती हे शाबीत होऊन उलट अडकतील? मास्तरांना विचारले. ते म्हणाले, "नाना, हे माझ्या विषयात येत नाही." मग पुन्हा म्हणाले, "पण सांगितल्याशिवाय तुम्हाला झोप येईल असं वाटत नाही."

४ एप्रिल, सोमवार

साक्षीदारांना बाहेर बाकावर बसवतात. नाव पुकारले की आत जायचे. दार उघडे होते, त्यामुळे थोडेफार ऐकू येत होते. सकाळपासून पाणी प्यालो नव्हतो, उलटतपासात मध्येच जावे लागू नये म्हणून.

आत मॅजिस्ट्रेटनी आरोप वाचून विचारले, गुन्हा कबूल आहे का? मला वाटले आता नाही म्हणतील, मग माझे नाव येईल. ढुंढिराज म्हणाले, "कबूल आहे."

आमचे वकील उठून काही बोलू लागले. मॅजिस्ट्रेटनी त्यांना थांबवून ढुंढिराजांनाच विचारले, "एवढी घाई कशाची होती?"

ढुंढिराज म्हणाले, "घरी लवकर पोचायचं होतं मला."

मी बाकावरून उठलो. दारापर्यंत गेलो. पट्टेवाल्याने हात आडवा धरला. "आजोबा, नाव पुकारल्याशिवाय आत नाही." मी म्हणालो, माझे नाव पुकारायला सांगा. तो म्हणाला, "आता कशाला? आरोपीनं कबूल केलंय. आता साक्ष नाही व्हायची." मी मोठ्याने बोलायचा प्रयत्न केला.  आत कोणी मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

तीन महिने कैद झाली. लायसन रद्द.

वकील बाहेर आले ते तापलेले होते. "तुमचे जावई अजब आहेत, नाना. साक्षीदार तयार, हिशेब तयार. हेच हटून बसले. मामांना पिंजऱ्यात उभं करणार असाल तर मी कबूल करून टाकतो, म्हणाले. का, म्हणून विचारलं तर सांगेनात. तुम्हीच विचारा."

मी विचारले नाही.

श्यामलाला घरीच ठेवले होते, तिला काय सांगायचे ते सुचेना. दोन शिपाई ढुंढिराजांना घेऊन फाटकातून निघाले. बेडी नव्हती, दंडाला दोरी होती. मी मागून चालू लागलो. मला त्यांना सांगायचे होते. रस्त्यात सगळ्यांदेखत सांगायचे, असे ठरवून चाललो होतो. पण ते तरणे, मी म्हातारा, अंतर वाढत चालले. मी धापा टाकू लागलो. हाक मारावी तर श्वास नाही.

पुढे ढुंढिराजांनी एकदा मान वळवून पाहिले. त्यानंतर त्यांचे पाऊल आखडले. शिपायाने दोरी ओढली. "चल की रे, काय पोरीसारखा चालतो?" ते आणखी सावकाश चालू लागले. दुसरा शिपाई ओरडला. मला ढुंढिराजांचे शब्द स्पष्ट ऐकू आले. "मागं आमचे मामा येताहेत. त्यांना चढ सोसत नाही. जरा सावकाश घ्या, जमादार."

लोक थांबून बघत होते. शिपाई दोरीला हिसके देत होता, आणि ते मला पोचता यावे म्हणून मागे मागे रेटून चालत होते. मी जवळ आलो असतो तर आणखी थांबले असते. आणखी बोलणी खाल्ली असती.

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मी उभा राहिल्याशिवाय ते पुढे जाणार नव्हते.